फाटकावरची तोंडी परीक्षा

"मोठ्याने बोला, अर्धं वाऱ्यावर जातंय!" पलीकडच्या फाटकातून सर ओरडले.

वकिलिणीने घसा खाकरला आणि तेच वाक्य पुन्हा, वरच्या पट्टीत सांगितलं.

दोन देशांची दोन फाटकं, मधे कोणाच्याच मालकीचा नसलेला डांबरी पट्टा. अलीकडच्या गजांसमोर ती हातात प्रबंध घेऊन उभी होती. मागे घडीच्या खुर्चीवर तिच्या मार्गदर्शक बाई, याच अलीकडच्या परीक्षक. पलीकडच्या गजांमागे तिकडच्या विद्यापीठाचे परीक्षक, सर. वकिलीण ती काही खरी नव्हती. ग्रंथांशीसुद्धा हुज्जत घालते म्हणून विभागात पडलेलं नाव. दोन्हीकडच्या विद्यापीठांनी मिळून धर्मांच्या तुलनेचा एक अभ्यासक्रम काढला होता, त्यातली ती शेवटची विद्यार्थिनी. मग सरकारांचं बिनसलं. आधी व्हिसा बंद झाले, मागोमाग विद्यापीठांमधली व्हिडिओची लाइन. करार आज संपत होता. त्याआधी तोंडी परीक्षा झाली नाही, तर इतक्या वर्षांचं काम पाण्यात.

कुलसचिवांनी हात वर केले होते. बाईंनी मात्र करार पुन्हा वाचला. दोन्ही परीक्षकांनी उमेदवाराला समोरासमोर ऐकावं, एवढंच त्यात होतं.

"किती अंतरावरून, ते कुठे सांगितलंय?" बाई म्हणाल्या, आणि सकाळीच तिघी गाडीत बसल्या. तिसरी वकिलिणीची आई. लेकीला अशा ठिकाणी धाडायला तिचं मन घेईना.

प्रबंधाचा विषय होता, दोन्ही धर्मांत मेलेल्यांसाठी म्हणतात त्या प्रार्थना. सर तो कोळून प्यायले होते.

"तुमचं तिसरं प्रकरण निव्वळ भावनेवर उभं आहे!"

"तळटिपा वाचल्यात का, सर?"

"तळटिपाच जास्त वाईट आहेत!"

आवाज ऐकून चौकीतला अधिकारी बाहेर आला. "काय चाललंय इथे? पलीकडच्यांशी भेटीगाठी बंद आहेत, माहीत नाही?"

आईने एकदा लेकीकडे पाहिलं. "भेटीगाठी कसल्या डोंबलाच्या, साहेब! भांडतायत ते. ऐका की."

अधिकाऱ्याने कान दिला.

"साफ चूक! मला हे अजिबात मान्य नाही!" पलीकडून.

"मान्य करावंच लागेल! तुमच्याच ग्रंथात आहे!" अलीकडून.

त्याने फोन काढून वरिष्ठांना विचारलं. "भांडण आहे, साहेब... हो, धर्मावरूनच... नाही, आपली मुलगी जोरात आहे... बरं." फोन खिशात गेला. "चालू द्या," तो म्हणाला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

बाईंनी खोकल्याचं निमित्त करून रुमालात हसू लपवलं.

दुपार कलायला लागली तसे सर जरा शांत झाले. आवाज मात्र तेवढाच ठेवावा लागत होता.

"शेवटचा प्रश्न. परधर्माच्या माणसाने म्हटलेली प्रार्थना मेलेल्याला पोचते का? मत नको, आधार सांगा."

"आधार नाही, सर."

भिंतीला टेकलेला अधिकारीसुद्धा सरळ झाला.

"दोन्हीकडचे ग्रंथ या जागी गप्प आहेत. पोचते, असंही म्हणत नाहीत आणि पोचत नाही, असंही."

"मग तुम्ही 'पोचते' असं कशाच्या जोरावर लिहिलंत?"

"कारण 'पोचत नाही' म्हणायचा हक्क कोणालाच दिलेला नाही. तुम्हाला नाही, मला नाही. या फाटकांना तर नाहीच."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मला पटलेलं नाही!" ते ओरडले. "पण खोडूनही काढता येत नाही. बाई, माझ्याकडून उत्तीर्ण!"

"माझ्याकडूनही!" बाई खुर्चीतून उठत म्हणाल्या.

आईने लेकीच्या पाठीवर जोरात थाप मारली. अधिकाऱ्याच्या डोक्यात आत्ता कुठे प्रकाश पडला. "म्हणजे ही परीक्षा होती?"

"भांडणाचीच होती," बाई म्हणाल्या.

"निघा आता. सगळ्या निघा. हा रस्ता मोकळा करा."

बाईंनी खुर्ची मिटली. तेवढ्यात पलीकडे, सरांच्या मागे पहाऱ्यावर असलेला शिपाई दोन पावलं पुढे आला. वयाने पोरसवदा नव्हता. कानांजवळ केस पिकलेले.

"ताई," त्याने हाक मारली. "मला पण एक विचारायचंय."

वकिलीण थांबली.

"ज्याच्यासाठी म्हणायची, त्याला आमच्या प्रार्थनेची भाषाच कळत नसेल तर? तरी पोचते?"

"पुरे!" अलीकडचा अधिकारी खेकसला. "मी काय सांगितलं? चला!" पलीकडच्या चौकीतूनही कोणीतरी शिपायाला दटावून हाक मारली.

बाईंनी तिच्या दंडाला हात लावला. उत्तीर्ण झाली होती, आता निघायला हरकत नव्हती. वकिलिणीने तो हात हळूच बाजूला केला आणि गजांच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली.

"नाव सांगा त्याचं," ती ओरडली. "तुम्ही तुमची म्हणा, मी माझी म्हणते. बघू कोण अडवतं!"

शिपायाने चौकीकडे पाहिलं. मग टोपी काढून काखेत धरली, आणि दोन्ही फाटकांवर ऐकू जाईल अशा आवाजात ते नाव घेतलं.

नाव फाटकाच्या अलीकडच्या लोकांतलं होतं.