उखाण्याची चोरी

"आक्का, आज मी माझ्या हातानं वेणी घातली बघा!" धाकटी जाऊ द्वारका हॉस्पिटलातल्या खाटेशी येऊन मिरवली आणि थोरल्या आक्कांच्या पोटात आगीचा डोंब उसळला.

दोघींना एकाच महिन्यात लकव्याचा झटका आला होता. द्वारकाच्या मेंदूतली केसाएवढी शीर बुजली, हात लुळा पडला आणि पंधरवड्यात तोच हात पापड लाटू लागला. आक्कांच्या हृदयातून मात्र गुठळी सुटली ती थेट मेंदूच्या मोठ्या शिरेत जाऊन बसली. उजवं अंग गेलं, वाचा गेली. जिच्या तोंडाला भिऊन कावळे गाव सोडायचे, ती आता नुसती "ब... ब..." करायची. झटक्याच्या वाटणीतही धाकटीनंच चांगला वाटा उचलला!

त्यात नर्सबाई म्हणाल्या, "द्वारकाबाई, एक उखाणा होऊन जाऊ दे!"

द्वारका लाजली आणि खुशाल आक्कांचाच उखाणा घ्यायला लागली. "चुलीवर तापलं दूध, वर आली साय..." पुढे ती आपल्या नवऱ्याचं नाव घालणार, तोच खाट हादरली.

"बळवंतराव रुसले तर माझं जातं काय!" आक्का कडाडल्या.

अख्ख्या वॉर्डानं टाळ्या पिटल्या. "जुनं पाठ असलेलं कधीकधी आधी बाहेर येतं," डॉक्टर हसून म्हणाले. "आक्का, आता पाणी मागा बघू."

आक्कांनी जोर लावला. "बळवंतराव रुसले..."

"असू दे," पाण्याचं भांडं पुढे करत द्वारका म्हणाली. "उद्या परत येते. तुमचं अजून पुष्कळ चोरायचंय मला."