पोटातला सरकारी काटा

पंगतीतून व्याही उपाशी उठले. असं काही घडलंच नाही, हे दोन्ही घरांनी नंतर ठरवलं.

विहीणबाईंच्या आग्रहाखातर वरपिते मोरेश्वरराव खांबेट्यांनी वरणभाताआधीच बासुंदीची वाटी तोंडाला लावली. दुसऱ्या घोटाला त्यांच्या मनगटावर लाल दिवा लागला. पोट भरलं की कळावं म्हणून सगळ्यांच्या पोटात बसवलेला दोन पात्यांचा सरकारी काटा थरथरायचा थांबला होता.

“पोट भरलं तुमचं. आता वाढलं तर मला अटक होईल,” वाढपी म्हणाला.

“अहो, दोनच घोट झालेत! काट्याच्या पात्यांत साय अडकलीये,” मोरेश्वरराव म्हणाले.

“काट्याला साय काय नि जेवण काय, सारखंच. पाती बुडाली की थरथर बंद. मग माझा हातही बंद.”

“व्याही, उपाशी उठू नका हो! पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल,” वधूपिता रडकुंडीला आला.

“मग वाढा की!”

शेवटी वधूच्या दोन मामांनी व्याह्यांना उचलून गदागदा हलवलं. साय सुटली नाही. बहुधा लोणी झालं.

मोरेश्वररावांनी पानावर बसूनच अर्ज लिहिला: “पोटातील काटा स्वच्छ होईपर्यंत अर्जदारास तात्पुरते रिकामे घोषित करण्यात यावे, ही नम्र विनंती.”