आबांचं ताट

“माले वळखं का, सुपडू? सांग बरं, मी कोन शे?”

झुलालनाना हे तिसऱ्यांदा विचारत होते. धुळ्याकडून मुद्दाम मावसभावाला बघायला आलेले, तेव्हा विचारणारच. भिंतीला टेकवून बसवलेल्या आबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. लकव्याने उजवं अंग गेलं होतं, वाचा गेली होती. ओळख कुठे गेली नव्हती. पण हे सुनेनं, प्रमिलानं, कुणाकुणाला सांगायचं? चार महिन्यांत बोदवडच्या त्या घरात जो येई तो आधी आबांची परीक्षा घेई, मग चहा.

आज तर पंगतच होती. वरण-बट्टी, वांग्याची भाजी. प्रमिला वाढत होती. एक डोळा चुलीकडे रांगत निघालेल्या लेकीवर, दुसरा आबांवर.

सासूबाईंनी, अक्कांनी, बट्टी चुरली, वरणात कालवली आणि घास आबांच्या ओठांशी नेला. आबांनी तोंड मिटून घेतलं.

“घ्या ना. सगळे बघून राह्यले.”

तोंड उघडलं नाही. ओठांवरून ओघळलेलं वरण अक्कांनी पुसलं. “बघा नाना, तीन दिवस झाले. चहा-पेज सोडून काही जातच नही. लेकराला भरवावं तसं भरवते मी.”

“तुन्हासारखी सेवा कोन करी, भिकुबाई?” नाना म्हणाले. मग आवाज खाली आणून, जणू आबा बहिरेच आहेत, “अन्न सुटनं म्हनजे... पोरीले तिन्हा सासरी तार करी दे.”

प्रमिलाच्या हातातली पळी वरणातच राहिली.

अन्न सुटलं म्हणे. जळगावच्या डॉक्टरांनी अक्कांसमोरच सांगितलं होतं, डावा हात धड आहे, त्याने जेवू द्या, नाहीतर माणूस खचेल. एस.टी.त बसल्यावर अक्का म्हणाल्या, “डाव्या हातानं? अन्न?” तेव्हापासून त्या देवळात गेल्या की प्रमिला गुपचूप आबांपुढे ताट ठेवी. अर्धं सांडे, अर्धं पोटात जाई, पण आबा जेवत. तीन दिवसांपूर्वी अक्का लवकर परतल्या, त्यांनी ते पाहिलं आणि ताट ओढून घेतलं. तेव्हापासून आबांचं तोंड बंद. इतकं सरळ, आणि घरात एकालाही दिसू नये?

तिनं लेकीला उचलून काखेत घेतलं. दुसऱ्या हाताने ताट वाढलं. चुरलेली बट्टी, वर वरण, तूप. ताट आबांच्या डाव्या गुडघ्याशी ठेवलं.

“आबा, जेवा.”

“पाहुण्यांत अब्रू काढते का माझी?” अक्का दबक्या आवाजात म्हणाल्या. मग नानांकडे बघून, “शिकेल सून केली ना. भोगा.”

“तार करण्यापेक्षा ताट वाढलं, अक्का.” आवाज जरा चढलाच. चढू दे.

आबांचा डावा हात ताटात गेला. पहिला घास धोतरावर पडला. दुसरा हनुवटीला लागला. तिसरा आत गेला. पंगतीत कुणीतरी खोकलं. नानांचा हात ताटातच थांबला होता. आता सगळे ताटावरून उठणार, प्रमिलाला वाटलं. कुणी उठलं नाही. आबा मान खाली घालून भराभर जेवत राहिले, दिवसभर नांगर धरून आलेला माणूस जेवतो तसे.

“सुपडूले भूक शे,” नाना म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही. त्यांनी आपली बट्टी चुरायला घेतली.

अक्का मात्र तशाच बसून होत्या, वरणाने माखलेला हात तसाच वाळत चाललेला.

अर्धं ताट संपलं तेव्हा आबांनी एक घास उचलला आणि अक्कांपुढे धरला.

“आता हे काय,” त्या पुटपुटल्या. त्यांनी पंगतीकडे पाहिलं, नात्याने थोरले दीर असलेल्या नानांकडे पाहिलं. वरण आबांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. हात मागे गेला नाही.

अक्कांनी पदर पुढे ओढला, पार हनुवटीखाली. आबांचा डावा हात घासासकट पदराआड गेला आणि रिकामा बाहेर आला.