मंगळवारचा काटा

खातूनबी वजनकाट्यावरून उतरली आणि अख्ख्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दीड किलो कमी!"

सोनाबाईने तोंड फिरवलं. त्या आठवड्यात तिचं स्वतःचं वजन पाव किलोनं वाढलं होतं.

ही चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यातली गोष्ट. सोलापुरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात दर मंगळवारी गुडघेदुखीच्या बायका यायच्या. तिथं बिराजदार नावाचे तरुण फिजिओथेरपिस्ट होते. तो शब्द कुणाच्या जिभेवर बसत नसे, म्हणून सगळ्या त्यांना 'व्यायामाचे डॉक्टर' म्हणत. ते गोळ्या देत नसत. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून दाबायला लावत, घोट्याला वाळूची पिशवी बांधून पाय उचलायला लावत, आणि जेवताना एक भाकरी कमी करायला सांगत. अंगावरचं ओझं उतरल्याशिवाय गुडघा सुटणार नाही, असं ते प्रत्येकीला बजावत.

सोनाबाई मूळची मंद्रूपची, आता मुलाकडे शहरात राहायची. वजन ब्याऐंशी किलो. गुडघे इतके धरले होते की संडासातून उठवायला सुनेला हाक मारावी लागे. सून काही बोलत नसे, त्याचीच सोनाबाईला जास्त लाज वाटे.

खातूनबी तिच्याच वयाची, बेगम पेठेतली. दोघींची नावं एकाच दिवशी रजिस्टरात चढली होती, आणि तेव्हा वजनात फार तर दोन किलोंचा फरक होता. आज तिसराच मंगळवार, आणि खातूनबी पुढं निघून गेली होती.

"पाय उचलून उचलून जीव गेला माझा," सोनाबाई वैतागून म्हणाली. "काटा काय हलंना. पुढच्या मंगळवारी मी न्हाय येत."

"नको येऊस की," खातूनबी हसली. "तुझ्याच्यानं व्हायचं न्हाय ते. मी एकटीच बारीक होते."

सोनाबाईला ते फार झोंबलं. घरी गेल्या गेल्या तिनं सुनेकडून टॉवेल मागून घेतला. पुढच्या मंगळवारी ती बाकावर सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती.

तिचा एक किलो उतरला. खातूनबीचे दोन.

खातूनबीचा आकडा लिहिताना बिराजदार थबकले. तिला आतल्या खोलीत नेऊन त्यांनी बराच वेळ काहीतरी विचारलं, आणि मोठ्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी दिली.

"मला का न्हाय चिठ्ठी?" सोनाबाईने विचारलं.

"तुम्हाला गरज नाही. तुम्ही पाय उचला."

त्यानंतर खातूनबीचे लाड सुरू झाले, निदान सोनाबाईला तरी तसंच दिसलं. तिच्यासाठी पंख्याखाली खुर्ची आली. वाळूची पिशवी बंद झाली. तिची सून अकबरी तिला टांग्यातून आणायची, हात धरून काट्यावर चढवायची. खातूनबी आकडा बघायची आणि खुर्चीत बसून ओरडायची, "सोनाबाई, तुझा किती?"

"नुसती बसून बारीक होती ही," सोनाबाई घरी सुनेला म्हणाली. "डॉक्टरांनी तिला कायतरी येगळं दिलंय बघ. आमाला पिशव्या उचलायला लावत्यात."

ती इरेला पेटली. तेल कमी केलं. शेंगाचटणी ताटातून गेली. बाजारात ती पायी जाऊ लागली. पण खातूनबी कायम पुढंच.

दिवाळीच्या मंगळवारी सोनाबाईने सहा शेंगापोळ्या केल्या, तुपानं निथळणाऱ्या, आणि फडक्यात बांधून नेल्या. एवढ्या खाल्ल्यावर कशी उतरती बघू, असं तिच्या मनात होतं.

"माझ्यासाठी केल्यास?" खातूनबीचे डोळे भरून आले. तिनं एक तुकडा मोडून तोंडात टाकला, तो बराच वेळ चघळला. "बाकीच्या घरी जाऊन खाते."

पुढच्या मंगळवारी ती पुन्हा दोन किलोंनी कमी भरली. सोनाबाईला त्या दिवशी जेवण गेलं नाही. पाय मात्र तिनं पन्नासऐवजी शंभर वेळा उचलले.

संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेच्या आठवड्यात सोनाबाईचा काटा एकाहत्तरावर थांबला. बिराजदारांनी तिला मांडी घालून बसायला लावलं आणि आधाराशिवाय उठायला सांगितलं. ती उठली.

"आता दर आठवड्याला यायची गरज नाही," ते म्हणाले. "महिन्यातून एकदा दाखवा."

सोनाबाईने पंख्याखाली पाहिलं. खुर्ची रिकामी होती. गेल्या मंगळवारीही खातूनबी आली नव्हती.

"ती का येत न्हाय?"

"निरोप नाही काही," बिराजदार कागदावरून नजर न काढता म्हणाले. "तुम्हीच एकदा जाऊन या."

सोनाबाई तशीच बेगम पेठेत गेली. पत्ता विचारत विचारत घर सापडलं. खातूनबी माडीवर राहायची, जिना उभा होता. सोनाबाईने कठड्याला हातसुद्धा लावला नाही. चौदा पायऱ्या चढून ती दारात उभी राहिली. दम लागला होता, पण तोंडावर हसू मावत नव्हतं.

"खातूनबी, भाईर ये! बघ, कठडा न धरता चढले!"

आतून अकबरी आली. तिचे डोळे सुजलेले होते.

"अम्माला जाऊन आठ दिवस झाले, मावशी. पोटात गाठ होती. मोठ्या डॉक्टरांनी पावसाळ्यातच सांगितलेलं, काय इलाज न्हाय म्हणून. व्यायाम तवाच बंद केलेला."

"मग दर मंगळवारी ती यायची कशाला?" सोनाबाईने विचारलं.

"मी बी तेच म्हणायची. उठवत न्हाय, बसवत न्हाय, टांग्यात हाल कशाला करून घेता? तर म्हणायची, चल लवकर, मी न्हाय गेले तर ती सोनाबाई पाय उचलायचं सोडून दील."