वीसवर एक पान

चित्रलेखाने डायनिंग टेबलावर हिरवी चादर ताणून पसरली, तेव्हा पद्माकररावांना वाटलं, लेक इस्त्री करणार. आपलेही दोन शर्ट द्यावेत म्हणून ते उठले, तर तिने चादरीवर पत्त्यांचे कॅट आणून ठेवले.

"बाबा, बसा जरा. एक सांगायचंय."

परदेशात, पॉइंट कुकला लेकीकडे दोन महिन्यांसाठी आलेले बाबा कोरोनात विमानं बंद झाल्यामुळे इथेच अडकले होते. जावई वरुण वेअरहाऊसमध्ये शिफ्टला जायचा. चित्रलेखाचं 'हॉटेल' मार्चपासून बंद होतं. लेक किती मोठ्या हॉटेलात आहे, हे मात्र बाबा कोल्हापूरच्या धाकट्या भावाला फोनवर अजूनही रंगवून सांगत.

"मी हॉटेलात रिसेप्शनला नाहीये, बाबा. कसिनोत डीलर आहे. टेबलवर पत्ते वाटते."

"कसिनो म्हणजे जुगाराचा अड्डा?"

"लायसन्स असतं त्यांच्याकडे." तिचं तिलाच हे बोलणं लंगडं वाटलं. "आता उघडतील तेव्हा बहुतेक टेबलं काढून मशीन लावणारेत. लोक स्क्रीनला बोट लावून खेळणार. मोठ्या रकमा लावणाऱ्यांच्या महागड्या रूम्ससाठी मोजकेच डीलर ठेवतील. कोणाला ठेवायचं ते व्हिडिओ कॉलवर बघून ठरवणारेत, माझा नंबर आत्ता आहे. समोर खेळायला घरातलं कोणीतरी हवंय. बसाल?"

बाबा तडक खोलीत गेले. दार लागलं. नोकरीचं काय व्हायचं ते होवो, पण या माणसाला आता रोज तोंड कसं दाखवायचं?

ती लॅपटॉप लावत होती तेवढ्यात बाबा बाहेर आले. अंगात पांढरा शर्ट, पाणी लावून पाडलेला भांग. लग्नाला निघाल्यासारखे. खुर्ची ओढून ते समोर बसले.

"नियम सांग."

"बेरीज एकवीसच्या जितकी जवळ तितकी चांगली. राजा, राणी, गुलाम दहा-दहाचे. वर गेली की हरलात. पान हवं तर टेबलावर बोट टेकवा, नको तर हात आडवा फिरवा." पैशांच्या जागी तिने त्यांच्यापुढे राजमा ओतला. "आणि मी तुम्हाला काही सुचवू शकत नाही. चेहऱ्यानेसुद्धा नाही. तसं झालं तर नापास."

स्क्रीनवर मॅनेजर ट्रेसी आली. "नो वरीज, चित्रा. व्हेनेव्हर यू आर रेडी."

पिसताना बोटं एकदा अडखळली. मग सुटली. सगळी पानं आपली जागा माहीत असल्यासारखी पडू लागली. बाबा पत्त्यांकडे कमी, बोटांकडेच जास्त बघत होते.

पहिल्याच डावात त्यांना राजा आणि राणी आली. वीस. इथे नवशिक्यासुद्धा थांबतो. बाबांनी बोट टेकवलं.

चित्रलेखाचा हात क्षणभर जागीच राहिला. रोजचं सुडोकू चहा निवायच्या आत सोडवणाऱ्या माणसाला वीस कळत नव्हते थोडेच! राग काढताहेत, तिला वाटलं. तोंडून एक शब्द गेला तर सगळं संपलं असतं. तिने पान दिलं. सत्ती. बाबा हरले. तिने राजमा ओढून घेतला. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

पुढच्या डावात एकोणीस. पुन्हा बोट. पुन्हा हरले. त्याच्या पुढच्या डावातही तेच.

"सर, कॅन आय आस्क समथिंग?" ट्रेसीला राहवलं नाही. "यू हॅड ट्वेंटी. व्हाय टेक अनदर कार्ड?"

बाबा ताठ बसले. "मॅडम, टुडे इज माय डॉटर्स एक्झाम. शी मस्ट विन."

ट्रेसी हसली. चित्रलेखाने पत्ते गोळा केले. टेबल सोडताना प्रत्येक डीलरने करायचं असतं तसं टाळी वाजवून दोन्ही तळवे कॅमेऱ्याला उलटसुलट दाखवले, की काही लपवलेलं नाही. डोळे भरून आले होते, ते मात्र लपवता आले नाहीत.

"शुक्रवारी ईमेल करते," असं काहीसं ट्रेसी म्हणाली आणि कॉल संपला.

"बाबा, अहो, डीलरला जिंकायचं नसतं. जिंकतं ते कसिनो. माझा पगार तेवढाच."

बाबांचा चेहरा उतरला. "म्हणजे मी उगाच हरत होतो?"

ती हसायला लागली आणि हसता हसताच रडली. बाबांनी तिच्या डोक्यावर थोपटलं. लहानपणापासून त्यांना एवढंच जमत होतं, आणि तिला तेवढं पुरत होतं.

तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. कोल्हापूरहून दीनानाथकाका. बाबांना कानाशी नीट ऐकू येत नाही, म्हणून फोन स्पीकरवरच असतो.

"काय दादा, चित्राचं हॉटेल उघडलं का?"

चित्रलेखा चादरीची घडी घालता घालता थांबली.

"हॉटेल नाही रे दीना, कसिनो आहे. पत्ते वाटते ती."

काका चाचरत म्हणाले, "म्हणजे... जुगार?"

"हो, जुगारच. मलाही आजच कळलं." बाबांनी खुर्ची मागे सरकवली आणि ऐसपैस बसले. "ते राहू दे. तू आज तिचे हात बघायला हवे होतेस."