साडूच्या दारातला फुटपाथ

"खरं गिऱ्हाईक गाडीतूनच येतं! पायी येतात ते नुसते काचेला नाक लावायला," जुन्या बाजारातला चपलांचा दुकानदार छाती ठोकून सांगायचा. रस्त्याच्या लेन कमी करून एका बाजूचा फुटपाथ रुंद करायचा पालिकेचा प्रस्ताव आला, तेव्हा विरोधात सगळ्यात मोठा आवाज त्याचाच होता. त्याचं खरं दुखणं वेगळंच होतं. तो फुटपाथ नेमका समोरच्या साडूच्या दारात येणार होता, आणि साडूही चपलाच विकायचा. "त्याच्या दारात झाडं न् बाकडी, आणि माझ्या दारात धूर? जमणार नाही!"

पाहणीला साहेब येणार त्या दिवशी त्याने बायकोसकट सगळं गणगोत गाड्यांमध्ये बसवून बाजारात आणलं. "नुसते रस्त्यात उभे राहा. साहेबाला कळू दे, आहे तो रस्ताच पुरत नाही!"

कोंडी अशी झाली की मुंगीलाही वाट मिळेना. गाड्या बंद पडल्यासारख्या उभ्या राहिल्या आणि कंटाळलेलं गणगोत खाली उतरून दुकानं बघत हिंडू लागलं.

"वा! गाड्या थांबल्या की बाजार कसा फुलतो बघा," साहेब खूश होऊन म्हणाले आणि फुटपाथला तिथल्या तिथे होकार देऊन मोकळे झाले.

त्याने दात-ओठ खात समोर पाहिलं. साडूच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती.

तेवढ्यात त्या गर्दीतून बायकोने हाक मारली, "अहो, तुमचा नंबर आठच ना?"