प्रतिज्ञेची तिसरी ओळ

"वाचा, मात्सुओ-सान. सगळे खोळंबलेत," कुरोकी म्हणाले.

किनुयो मात्सुओने भिंतीवर चौकटीत लावलेल्या प्रतिज्ञेकडे नुसतं पाहिलं. हिवाळ्यातल्या सकाळचे सात वाजले होते. नागासाकीतल्या त्या टॅक्सी कंपनीच्या खोलीत अठरा चालक रांगेत उभे होते. दारू प्यायलेली नाही हे दाखवायला नळीत फुंकून झालं होतं, बूट पुसून झाले होते. फळ्यावर महिन्याचे आकडे होते: कुणाची हायब्रिड गाडी एका लिटर इंधनात किती किलोमीटर गेली. सर्वांत वर इसोगाई, तेवीस. सर्वांत खाली किनुयो, साडेबारा. खालच्या माणसाने सगळ्यांसमोर प्रतिज्ञा वाचायची, हा कुरोकी व्यवस्थापक म्हणून आल्यापासूनचा रिवाज. तिची ही सलग तिसरी पाळी.

"बरं, आधी इसोगाई-सान आपलं गुपित सांगतील. मग वाचा," कुरोकी म्हणाले.

इसोगाईच्या हातात बक्षिसाचा केकचा डबा होता. तो ओशाळून हसला. "गुपित कसलं? पुढचा सिग्नल लाल दिसला की लांबूनच ब्रेकवर पाय टेकवायचा. चाकं थांबता थांबता वीज तयार करतात, ती बॅटरीत जाते. सिग्नल सुटला की गाडी त्याच विजेवर निघते. करकचून दाबला तर ब्रेक नुसते तापतात, हाती काही येत नाही. एवढंच."

"ऐकलंत?" कुरोकींनी किनुयोला विचारलं.

हे सगळं तिनेच इसोगाईला शिकवलं होतं. शेजारच्या सीटवर बसून, त्याचा पाय ब्रेकवर आदळला की गुडघ्यावर टिचकी मारून. तिची कानशिलं तापली.

"ऐकलं. तो ट्रामच्या रस्त्यावर चालवतो. सपाट रस्ता, पावलोपावली सिग्नल. मी टेकडीवर चालवते."

"टेकडीला उतारही असतोच की. चढताना गेलेलं उतरताना परत मिळतं."

"सगळं नाही मिळत. अर्ध्या उतारावरच बॅटरी भरते. भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतलं तर कुठे जातं, साहेब? तुम्ही कधी गेलात वर?"

रांगेत कुणीतरी खोकलं.

"मला मुख्य कार्यालयाला आकडे द्यायचे असतात, पाणी नाही," कुरोकी म्हणाले. "आणि आता तो प्रश्नच राहणार नाही. सोमवारपासून टेकडीवरच्या दगडी कमानीच्या वरून येणारे फोन आपण घ्यायचे नाहीत. तुमचाच आकडा सुधारेल. तुमच्याच भल्याचं आहे."

"कमानीच्या वर ओगाताआजी राहतात. आठवड्यातून तीनदा त्यांना रक्त शुद्ध करून घ्यायला इस्पितळात जावं लागतं. एक खेप चुकली तर काय होतं, माहीत आहे?"

"दुसरी कंपनी बघतील."

"दुसऱ्यांनी कधीच बंद केलंय. म्हणून तर त्या आपल्याकडे आल्या."

कुरोकींनी प्रतिज्ञेच्या काचेवर बोट आपटलं. "वाचा."

तेवढ्यात फोन वाजला. फोनवर बसणाऱ्या मुलीने तो घेतला, हातानं झाकला आणि हळूच म्हणाली, "ओगाताआजी. आज गुरुवार."

किनुयो वळली. "इसोगाई, आज तू जा."

"मी? मला स्टेशनवर..."

"परवाही तू स्टेशनवरच होतास. रेडिओवर तीनदा विचारलं, कमानीपाशी कोण जातं म्हणून. तुला ऐकू आलं नाही. मी बंदराच्या पलीकडून गेले. आता आलं ना ऐकू?"

इसोगाईने डबा टेबलावर ठेवला आणि साहेबांकडे पाहिलं. कुरोकींचा चेहरा उलट खुलला. "जा, इसोगाई-सान. दाखवाच यांना. नीट चालवली तर तिथेही आकडा येतो."

"आणि नियमाने चालव," किनुयो म्हणाली. "मी वाचते, तू ऐकून जा."

मग तिने प्रतिज्ञा वाचली. खिळा ठोकावा तसा एकेक शब्द.

"चढावर पाय हलका ठेवीन. उतारावर ब्रेक अलगद दाबीन. थांबलेल्या गाडीचं इंजिन बंद ठेवीन."

इसोगाई निघाला. बाकी कुणी हललं नाही. गाड्या पुसण्याचं, चहा संपवण्याचं निमित्त करत सगळे तिथेच रेंगाळले. कुरोकी फळ्यावरचे आकडे कागदावर उतरवत बसले. किनुयो दाराशी उभी राहिली, हाताची घडी घालून.

वीस मिनिटांनी रेडिओ खरखरला.

"पोचलो," इसोगाईचा आवाज आला. "आजी खाली येतायत. शंभरावर पायऱ्या आहेत इथे. वर हिम साचलंय. पाच-सहा पायऱ्या उतरतात आणि बसतात." तो थांबला. मागे वारा ऐकू येत होता. "इंजिन बंद केलंय, प्रतिज्ञेप्रमाणे. त्यामुळे हीटरही बंद आहे. काचांवर आतून बाष्प धरायला लागलंय. मी वर जाऊन त्यांना हात देतो, पण पंधरा-वीस मिनिटं तरी लागतील. अंगावर साधी शाल आहे त्यांच्या. तोवर इंजिन चालू ठेवू का, साहेब?"

फोनवरच्या मुलीने माईककडे हात नेला. किनुयोने तो आधीच उचलला आणि कुरोकींसमोर धरला.

"साहेबांना विचारलंय," ती म्हणाली.

कुरोकींनी माईक घेतला. मागे वळून चौकटीकडे पाहिलं. मग रेंगाळलेल्या चालकांच्या तोंडांकडे. कुणी मान खाली घातली नव्हती.

त्यांनी बटण दाबलं. लाल दिवा लागला. वर टेकडीवर, त्या गार गाडीत, आता फक्त या खोलीतली शांतता ऐकू जात होती.